तेरा दिवस

तेग्वेन माझ्याहून तेरा दिवसांनी मोठी.
ती सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे तेहेतीसची,
मी नऊ सप्टेंबरचा.
लग्न झाल्यापासून प्रत्येक भांडणात तिनं हे काढलं:
"मोठ्यांचं ऐकावं, इद्वाल."
मीठ कमी पडलं तरी, घर विकायचं ठरलं तरी.

मग दवाखान्यातून पत्र आलं, माझ्या एकट्याच्या नावाचं.
नागिणीवरची लस, फुकट;
दोन सप्टेंबर तेहेतीसच्या आधी जन्मलेल्यांना नाही.
"बघ," ती म्हणाली, "थोरपणाची शिक्षा."
मी नर्सला म्हटलं, माझी हिलाच टोचा,
मला कधी काही होत नाही.
नर्स हसली. मीही हसलो.
हट्ट धरला नाही.
घरी आलो तर तेग्वेननं चहा केला होता,
आणि बशीत एक बिस्किट जास्त,
लहान मुलाला देतात तसं.

आता ती मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारते.
आधी इंग्रजी गेलं: बँकेतलं, टीव्हीवरचं.
वेल्श उरलीय, तीही पहिलीच्या वर्गाइतकी.
पाव. दार लाव. आई कुठाय.
आयुष्यभर पोरांच्या पाट्या तपासणारी बाई.

नात मारेड कार्डिफला आकड्यांत काम करते.
ती सांगते, त्या तारखेच्या
अलीकडचे आणि पलीकडचे हजारो म्हातारे कुणीतरी मोजले.
लस घेतलेल्यांत विसरणारे कमी निघाले, पाचात एखादा.
"पण आजोबा, यावरून तुमचं आणि आजीचं
काहीच सिद्ध होत नाही."
मी कुठं काय म्हटलं?

कांजिण्या आम्हाला एकाच हिवाळ्यात आल्या,
एकाच बाकावर.
तो विषाणू म्हणे जातच नाही.
नसेच्या मुळाशी अंग चोरून बसतो, सत्तर वर्षंसुद्धा.
आणि त्याचा तो भाऊबंद, ओठावरचा:
पूर्वेचं वारं सुटलं की तेग्वेनच्या खालच्या ओठाला,
डाव्या कोपऱ्यात, जर फुटायचा.
"लांब राहा," म्हणायची.
मी कधी लांब राहिलो?

एक डॉक्टर म्हणतो, तो मेंदूत शिरतो,
मेंदू त्याच्यावर चिकट जाळं टाकतो
आणि त्या जाळ्यात स्वतःच गुरफटतो.
दुसरा म्हणतो, जळक्या घरात सापडला
म्हणून आग त्यानंच लावली असं होत नाही;
दारं मोडली की कुणीही आत येतं.
तिसरा दोघांचं ऐकून घेतो
आणि आणखी दहा वर्षं मागतो.

वडलांच्या वेळी खाणीचे डॉक्टर सांगत,
छाती भरते ती दगडाच्या धुळीनं नव्हे,
तुम्ही चहा फार उकळून पिता म्हणून.
वडील कमी उकळलेला चहा पीत,
खोकत खोकत गेले.
म्हणून मी कुणाला हसत नाही.
घाईनं मानही डोलवत नाही.
धुळीचं खरं निघालं; याचं निघेलच असं नाही.

चाळीस वर्षं मी पाटीचा दगड चिरला.
दगडाला आतून रेघ असते.
तिच्यावर छिन्नी धरली की एका ठोक्यात दोन पानं,
अजून एकमेकांची ऊब असल्यासारखी.
ही दुसरी रेघ मात्र दगडात नव्हती.
कार्यालयात कुणीतरी कॅलेंडरवर ओढली,
लस किती, म्हातारे किती, एवढंच बघून.
त्याला आम्ही माहीत नव्हतो.

काल माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला,
लोण्याच्या डब्यामागे.
मारेडला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी तेग्वेन विचारते, तू केवढा?
तुझ्याहून लहान, मी सांगतो.
तिचा चेहरा एकदम उजळतो.
"मग माझं ऐक," ती म्हणते,
बोट वर करते,
आणि पुढचं तिला सापडत नाही.

मी ऐकत बसतो.