भिंतीवरून उतरलेलं हरीण

लाकडाच्या गिरणीमागे चार पॅलेट पडून होती.
गुंतार्स म्हणाला, ने, पण जादा खिळे उपटून
सरळ करून मला परत दे.
असा व्यवहार फक्त वाल्मिएरातच होतो.

तीन उभी केली, तारेने कोपरे आवळले.
चौथ्याला सायकलच्या ट्यूबच्या बिजागऱ्या.
दार म्हणावं तर लागत नाही,
भिंत म्हणावी तर उभी राहत नाही.
तळ ठेवला नाही.
खालून ज्यांना यायचं त्यांनी यावं.

कुंपणापलीकडे ओयार्स,
हातात विळा, तोंडात सल्ला:
फटी मोठ्या झाल्या.
बर्चची पानं टाक, ओकची नको,
ती कुजायला माझ्याएवढं वय घेतात.
आणि वर पत्रा घाल.
पत्रा गार पडतो, मी म्हटलं.
मग काय, रजई घालणार?

आईला हे फोनवर सांगितलं. ती हसली नाही.
रविवारी बसमधून उतरली ती गुंडाळी घेऊन,
एक टोक तिच्या खांद्यावर, दुसरं ड्रायव्हरच्या.
तिच्या पलंगामागचा गालिचा.
तपकिरी जंगल, तळं,
आणि पाणी प्यायला वाकलेलं हरीण,
ज्याने अडतीस वर्षांत एक घोट घेतला नाही.
सात तास रांगेत उभी होते, तू पोटात, ती म्हणाली.
(मागच्या वेळी पाच तास होते.)
उभा राहून राहून दमलाय हा.
आता पडू दे.

मग थर.
बटाट्याची सालं, कापलेलं गवत, फाडलेले पुठ्ठे,
बिटाचे देठ, ज्यांनी सगळ्यांचे हात रंगवले.
ओयार्सने सशांच्या लेंड्यांची बादली
न विचारता कुंपणावरून ओतली.
ओल किती हवी?
पिळलेल्या फडक्याइतकी, आई म्हणाली.
ढीग तिने जन्मात लावला नव्हता.
फडकी पिळली होती.

हरणाचं तोंड आत की बाहेर,
यात अर्धा तास गेला.
आत, आई म्हणाली, पावसाने रंग जाईल.
रंग जायलाच तर ठेवतोय,
हे मी गिळलं.

पाचव्या दिवशी गालिच्याखाली हात घातला
आणि झटकन ओढून घेतला.
नुकत्याच उठून गेलेल्या गाईच्या जागेसारखी
ऊब.

ऑगस्टमध्ये ढीग उलटायला कोपरा उचलला तर
अंडी.
पांढरी, पेराएवढी, चामड्यासारखी मऊ,
वीस-बावीस, एकमेकांना चिकटलेली,
बरोबर तिथे, जिथे गालिच्यात तळं होतं.
आणि फटीतून आत ओघळणारी काळी शेपटी.

माझ्या हातातलं फावडं पडलं.
ओयार्स कुंपण ओलांडून आला, पहिल्यांदाच.
डोक्यामागे पिवळे ठिपके होते?
होते.
त्याने टोपी काढली.
झाल्टिस, तो म्हणाला, आवाज खाली आणून.
घरचा म्हणायचा. आमच्या गोठ्यात
त्याच्यासाठी बशीभर दूध ठेवायचे.
प्यायचं मांजर.
पण ठेवायचे.

आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.
चौकट माझी, पांघरूण आईचं, शेण सशांचं,
आणि बाळंतपण तिचं.

गालिचा होता तसा टाकला.
भोपळ्यांना त्या वर्षी खत मिळालं नाही,
ते मुठीएवढेच राहिले.
आई रोज संध्याकाळी विचारायची,
हरीण कसं आहे?
ओलं आहे, मी सांगायची.
पाठीवर बुरशी आलीय.
अंड्यांचं तिला सांगितलं नाही,
ती बस पकडून आली असती, दूध घेऊन.

सप्टेंबर अर्धा सरला तेव्हा पुन्हा उचललं.
रिकामी, चुरगळलेली कवचं.
खाली काळं, भुसभुशीत, जंगलाच्या वासाचं.
हरणाचं तोंड गांडुळांनी नेलं होतं,
पाय शाबूत.

ओयार्सने पत्र्याचं नाव पुन्हा काढलं नाही.
गुंतार्सचे खिळे अजून द्यायचेत.
एकशे बारा.
निम्मे सरळ झालेत.