आधी काय, नंतर काय

शिरगुप्पे सर फळ्यावर आडवी रेघ मारतात,
रेघेवर दोन ठिपके.
"जे आधी घडलं त्याला हॅड लावायचा. नंतरचं साधं.
हॅड म्हणजे थोरला, पंगतीला आधी बसणार."

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागं,
शिलाईच्या दुकानावर आमचा क्लास, सात ते आठ.
खाली मशिनी चालू झाल्या की बाक थरथरतात,
अक्षर वाकडं येतं.
मी ड्युटीवरून तशीच येते, हाताला फिनेलचा वास,
वहीच्या डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर चुका.

आय हॅड गॉन टू बेडग येस्टरडे.
सर हॅड खोडतात. "काल गेलात ना ताई? मग नुसतं वेंट."
पण सर, आमच्यात सगळं होतंच असतं.
गेले होते, जेवले होते, तुला सांगितलं होतं मी.
भांडणात तर 'होतं'शिवाय पान हलत नाही.
तुमच्या इंग्रजीत एवढा काटकसरीनं का वापरायचा?
"दोन गोष्टी असल्या तरच," सर म्हणतात,
"आणि कुठली आधी, यावरून वाद असला तर."

मग ते जुनंच वाक्य आलं:
डॉक्टर येण्यापूर्वी रोगी मेला होता.
पुढच्या बाकावरचा अल्ताफ जीभ बाहेर काढून मेला.
सगळे हसले. मीपण हसले, उशिरा.

वॉर्ड सहा, खाट अकरा, तातोबा.
पहाटे पावणेचारला त्यांनी माझा पदर धरला.
मी बेल वाजवली. परत वाजवली.
कॉरिडॉरमधून पळत गेले, चप्पल तिथंच राहिली.
डॉक्टर आले तेव्हा खिडकीत उजाडलं होतं.

दुपारी रजिस्टर पुढं सरकवलं.
"मावशी, इथं सही."
सही मला येत होती. वाचता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात ते पान शोधलं,
बोट ठेवून, ओठ हलवत वाचलं.
हॅड ओळखू आला.
त्याच्या पुढचा तीन अक्षरी शब्दही ओळखू आला.
खाली माझं नाव, वळणदार, शिरोरेघेसकट.

आज वहीत मी माझं वाक्य लिहिलं:
डॉक्टर आले त्याआधी मी बेल वाजवली होती.
रिंग, रँग, रंग. तिसरं रूप चुकले नाही.
हॅड जागेवर. केम जागेवर.

सरांनी लाल टिक केली, पेन झटकलं.
"छान. आता हेच नकारार्थी करा."

ते झालं होतं, सर.
आधीच.