ताशी किती

चिखलीच्या शाळेत माझा विज्ञानाचा तास
चाळीस मिनिटांचा,
त्यातली सहा-सात विमानंच घेतात.
तळावरून मिग उठलं
की खडू असेल तिथे थांबतो,
अर्धं वाक्य तोंडात धरून मी उभी,
आणि पोरं, परवानगी न घेता, खिडकीत.

आज म्हटलं, बोट दाखवा बघू, कुठे आहे?
रोजची सवय असूनही
बत्तीसच्या बत्तीस बोटं आवाजाकडे गेली.
विमान तिथे नव्हतंच.
ते केव्हाच वेळसांवच्या समुद्रावर, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढं,
आणि आवाज मागून धावत येत होता
चप्पल तुटलेल्या धाकट्या भावासारखा.

मग फळ्यावर गोवा काढला.
जरा फणसासारखा झाला, पण चालतो.
वर पत्रादेवी, खाली पोळे,
मधे शंभर किलोमीटर धरा, हिशोबाला सोपे.
हेलिकॉप्टर, ताशी दोनशे: अर्धा तास.
प्रवासी विमान, ताशी साडेआठशे:
उपेंद्रने बोटांवर काढलं, सात मिनिटं आणि वर चिल्लर.
मिग, खूप उंचावर, पूर्ण जोरात,
ताशी दोन हजार:
तीन मिनिटं.

वर्ग गप्प.
"तीन मिनिटांत आख्खं गोंय?" रोझीना म्हणाली.
"मग टीचर, खालचं काय दिसतं त्यांना?"
पुस्तकात फक्त अंतर भागिले वेळ आहे.
मी डस्टर शोधू लागले.

मागून फ्लावियाचा हात.
"माझे पप्पा पण पायलट."
कुणी हसलं नाही. आमच्याकडे हे खरं असतं:
काळी मोटारसायकल, पिवळं मडगार्ड,
वास्कोच्या स्टँडवर सकाळी सातपासून,
मागच्या सीटवर एक प्रवासी, त्याच्या मांडीवर मासळीची पिशवी.
मिगच्या खाली एक ओळ वाढवली. ताशी?
"गिऱ्हाईक असलं तर चाळीस.
म्हातारी बसली तर वीस, ती खांदा सोडत नाही."
आणि रिकामे असले की?
"तेव्हा उभेच असतात, टीचर. पेट्रोल जातं."
ती बसली. परत उठली.
"बाबूच्या वेळी मम्मीला रात्री हॉस्पिटलात नेलं ना,
तेव्हाचा लिहायचा?"
लिही की. किती होता?
"मीटर मोडलाय.
पप्पा म्हणतात, चाक जमिनीला लागलंच नाही.
मम्मी म्हणते, बैलगाडी बरी,
तिने सगळे स्पीडब्रेकर मोजले, अकरा."

खडू हातात घेऊन मी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले.
दोघांचंही खरं, हे कुठल्या एककात लिहायचं?
रकाना मोकळा ठेवला.

तोवर घंटा झाली असावी.
ऐकू आली नाही, वर दुसरं मिग होतं,
आणि या वेळी एकतीस बोटं
आवाजाच्या पुढे, थेट समुद्रावर.
बत्तिसावं, सिद्धेशचं, नाकात.