बॉनेटची आतली बाजू

आधी गाडी निवू दे, म्हणाला दस्तगीर.
कुपवाडच्या रस्त्याला त्याचं शेड,
वर पत्रा, पत्र्यावर एप्रिल.
दोघं चहा पिऊन आलो, तरी हात लावू देईना.

बॉनेट उचललं तर जुना नमदा
उंदरांनी अर्धा नेलेला,
उरलेला डिझेल पिऊन काळा,
बॅटरीपाशी आख्खं घरटं :
शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी राखीचा गोंडा.
"भाडं घेत होतास का रे ह्यांच्याकडनं?"

एक लाख नव्वद हजार किलोमीटर.
त्यातली चौदा महिने, आठवड्यातनं दोनदा, एकच फेरी :
कवठेमहांकाळ ते मिरज, मिरज ते कवठेमहांकाळ.
मागच्या सीटवर औरवाडेबाई.
डायलिसिसला जाताना ताठ, जणू तास घ्यायला निघाल्यात,
येताना उशीला टेकून
धुऊन पिळलेल्या लुगड्यासारख्या.
इंजिनाची धग पायांशी, घरघर डोक्यात.
आरशात बघायचो, ओठ हलताना दिसायचे.
मी हां बाई म्हणायचो.
झोपेत बरळत असतील, नाहीतर जप.
म्हटलं, म्हातारीला तेवढी तरी धड झोप लागू दे.
हिनं विचारलं, साडेचार हजार कशाला लागतायत?
ब्रेकला, म्हणालो.

मग थिनरचा बोळा.
तेल निघालं, मळ निघाला,
मागच्या मालकाचा रंग निघाला.
बाहेरनं पांढरी केलेली माझी गाडी
आतनं अजून मरून होती.

दस्तगीरनं पेपर पसरून साचा काढला :
इथं बिजागरी, इथं पट्टी,
इथं काचेच्या पाण्याची नळी, तिला सोडायचं,
टेकूची दांडी बसते ते भोक सोडायचं.
पान नेमकं निधनवार्तांचं निघालं.
कात्री फोटोंना वळसे घालत गेली.
साचा जरा वाकडा आला.
"असू दे. माणसं कशाला कापायची."

आधी काळा डांबरी शीट, रुळानं दाबून दाबून.
टिचकी मारली : टण व्हायचं ते ठप झालं.
वर फोम, त्याच्यावर चांदीचा वर्ख,
पेढ्यावर असतो तसा, फक्त जाड.
हाताखालच्या मुस्तकीमचं बोट वर्खाच्या धारेनं कापलं,
त्यालाही तोच टेप गुंडाळला.
"कडा नीट चिकटव," दस्तगीर त्याला सांगत होता,
"मधनं काय होत नाही. सुटतं ते कडेनं."

बॉनेट जड झालं.
आधी डबा आपटल्यासारखं पडायचं,
आता पेटीचं झाकण.

शुक्रवारी बाईंना घेऊन मिरजेतनं निघालो.
तानंग फाटा सुटला.
किल्लीतला छल्ला वाजतोय हे पहिल्यांदा कळलं.
डाव्या दाराची काच थरथरतेय.
आणि मागनं एक आवाज,
बारीक, न थांबता, केव्हाचा सुरू असलेला :

"…तर रावसो, मागच्या वेळी अर्धंच राहिलं बघ.
ते पत्र शकूनं उघडलंच नाही.
पिठाच्या डब्याखाली ठेवलं, अकरा वर्षं.
डबा तोच, तुला सांगितलेला, पोचा आलेला.
पोचा कसा आला ते तर तुला ठाऊकच आहे."

आरशात बघितलं.
डोळे मिटलेले नव्हते. टक्क उघडे,
माझ्या मानेकडे लागलेले.
शाळेत नसेल एवढं
शहाण्या पोराकडे बघावं तसे.

चौदा महिने.
बाहेर दंडोबाचा डोंगर, उन्हात पांढरा पडलेला.
पायाशी धग नव्हती.
घसा मात्र कोरडा.

"हां बाई," मी म्हणालो.
"हां काय? पुढं सांगू का नको?"
"सांगा की."

भोसे गेलं, लंगरपेठ गेली.
शिरढोणचा स्पीडब्रेकर पहिल्या गिअरमधे घेतला,
मागच्या ट्रकनं हॉर्न दिला, देऊ दे.
गाव यायला दहा मिनिटं,
आणि शकू कोण, हेच मला अजून
काढून घ्यायचं होतं.