नापतौल

सत्तावीस वर्षं मी लोकांचे काटे तपासले.
सियागंजातले धान्याचे, मारोठियातले मसाल्याचे,
सराफ्यातले काचेच्या पेटीतले,
ज्यांच्यावर नुसता श्वास सोडला तरी आकडा हलतो.
खोटा काटा मला दुकानाच्या पायरीवरून कळायचा.

घरात काय चाललंय ते मात्र मुंग्यांनी सांगितलं.
राजेंद्र नगरच्या आमच्या गच्चीवर,
मोगऱ्याच्या कुंडीत, मातीखाली,
केतकीचा चार दिवसांचा वरणभात.

बाथरूममधला काटा मी ऑफिसात नेला,
जप्तीच्या मालात ठेवून दिला.
पावती फाडली नाही.
नोकरीतली माझी एवढी एकच लबाडी.

डॉक्टर जोहरी म्हणाल्या, घरात आकडे बोलू नका.
मला म्हणाल्या हे!
"थोडं तरी खा" नको, शाबासकीही नको.
वेळेवर वाढा, शेजारी बसा,
आणि जेवणानंतर अर्धा तास तिला एकटी सोडू नका.

पहिल्याच आठवड्यात पोळ्यांचा डबा भिंतीवर गेला.
"तुम्ही बाबा नाही, इन्स्पेक्टर आहात!"
दोन्ही होतो.
पोळ्या गोळा केल्या, पुन्हा कणीक भिजवली.
माझ्या पोळ्या कडेला जाड राहतात.
तिची आई बदलीवर, जबलपूरला;
रात्री फोनवर विचारते, "किती?"
मी म्हणतो, "जेवली."

आणि हे शहर तर असं,
की पोह्यांच्या वाफेवर उठतं
आणि मध्यरात्री सराफ्यात गराडू तळत बसतं.
इथे रुसवेसुद्धा कचोरीवर मिटतात.
मुंजीत वासंतीकाकूंनी तिचा गाल धरला,
"छान भरलीस हो!"
प्रेमानंच.
ते तीन शब्द उपसायला आम्हाला नऊ दिवस लागले.

त्या अर्ध्या तासात आम्ही वजनं घासतो.
खात्यातून बाद झालेली, जुनी, पितळी,
चिंच आणि राख घेऊन, वर्तमानपत्र पसरून.
कधी ती बोलत नाही. कधी रडत रडत घासते.
एकदा विचारलं, "बाद का केली ही?"
"झिजली. रोजच्या उचलण्यानं."
"मग दुरुस्त नाही करत?"
"करतात ना. पोटात शिसं ठोकून भरतात."
बोलून गेलो आणि जीभ चावली.
ती हसली. कितीतरी महिन्यांनी.
"असू दे बाबा. मी वजन नाहीये."

काल खिचडी होती.
निम्म्यावर तिचा हात थांबला.
चमचा ताटाच्या कडेला बारीक वाजत होता, थरथरीनं.
मी पापडाकडे बघत राहिलो,
म्हणजे तिच्याकडेच, न बघितल्यासारखं.
मग तिनं चमचा उचलला
तो माझ्या ताटाकडे दाखवायला.
"तुमची गार झाली. तूप थिजलंय वर."

खरंच. मी एक घासही घेतला नव्हता.
किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे.
पट्ट्याला मागच्याच महिन्यात
खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं, तेव्हाही कळलं नाही.

"खा" असं ती म्हणाली नाही.
नियम तिलाही पाठ.
खुर्ची ओढून नुसती जवळ सरकली.
मी थिजलेल्या तुपासकट खायला लागलो.
थोड्या वेळानं तिचाही चमचा हलला.

मी मोजलं नाही,
असं डॉक्टरांना सांगेन.
सात घास होते.