रिकामा हूक

दर सोमवारी थोरा टॅलेंटायर
लार्चच्या फांदीवरून दाण्यांची पेटी उतरवते,
ब्रशने कोपरे खरवडते, जंतुनाशकात बुडवते,
दगडी कुंपणावर पालथी घालते.
कम्ब्रियातल्या या दरीत ऊन फार टिकत नाही,
म्हणून पेटीशेजारी तीही टेकते
आणि मोजते,
बापानं मेंढ्यांसाठी शिकवलेल्या आकड्यांत:
यान, टान, टेथेरा.
चौथा आकडा वर्षभरात लागलेला नाही.

तांबड्या खारी.
आपल्या अंगणातल्या नव्हेत;
यांच्या पाठीवर कुणाची बोटं उमटलेली नाहीत.
विटेचा रंग, हिवाळ्यात कानांवर फुटणारी झुलपं,
आणि अंग इतकं हलकं
की पाइनचा शेंडासुद्धा कुरकुरत नाही.

राखाडी खारी काही आपण होऊन आल्या नाहीत.
कुणा जमीनदाराला हिरवळीवर शोभेचं काहीतरी हवं होतं.
पिंजऱ्यातून, जहाजातून आणवल्या.
पाहुण्यांनी टाळ्याही वाजवल्या असतील.
पुढचं त्यांचं त्यांनी बघितलं.
ओकची कच्ची फळं त्यांना पचतात, तांबडीला पचत नाहीत.
हेझेल पिकायच्या आत झुडपं साफ.
आणि त्यांच्या अंगात एक देवी असते,
त्यांना जी कधी बोटही लावत नाही,
तांबडीवर मात्र कोपते.

फेब्रुवारीत थोराला फ्लू झाला.
दोन सोमवार अंथरुणात गेले.
उठली तेव्हा खिडकीतून दिसलं:
पेटीवर एक बसलेली,
झाकण उचलायचं तिला जमेना.
पापण्या सुजून मिटलेल्या, ओठांवर खपल्या,
पंजे असे, जणू निखाऱ्यांवरून चालवलेली.
थोरा जवळ गेली तरी ती पळाली नाही.
तिथंच थोराच्या पोटात खड्डा पडला.

टॉवेलात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली,
झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली,
आणि पशुवैद्य येईस्तोवर
डब्यावर हात ठेवून बसली.
आतून खरवडल्याचा आवाज आला, दोनदा.
मग नाही आला.

डॉक्टर बेव्हन तरुण आहे, हळू बोलतो.
"या पेटीवर किती जणी येत होत्या?"
"सगळ्याच," थोरा म्हणाली.
"म्हणून तर टांगली होती."
मग दोघंही बराच वेळ पेटीकडे बघत राहिली.
राखाडीसुद्धा येऊन गेली असणार, पहाटेची,
दाणे उष्टावून.

पिंजरा लावलाय रेव्हलींच्या परसात.
शनिवारी सापडला एक: गुबगुबीत, तकतकीत,
दोन्ही हातांनी गज धरून बाहेर बघणारा,
तुरुंगातल्या मुलासारखा.
अंगावर एक फोड नाही, डोळ्यांत एक ढग नाही.
रेव्हलींचा नातू ऑलिक, वय वर्षं सात,
कुंपणापलीकडून म्हणाला, "त्याचं काय चुकलं?"
थोरा जाड हातमोजे चढवत होती.
"चुकलं असतं तर बरं झालं असतं रे," म्हणाली,
आणि त्याला घरात पाठवलं.
त्या दिवशी तिनं चहा केला आणि प्यायला विसरली.

आता पेटी शेडमध्ये आहे, पोत्याखाली.
सोमवार येतो, हात शिवशिवतात;
मग ती नुसतीच ब्रश धुते.
गावात नोटीस लागलीय: दाणे घालू नका.
खालची लेखणी तिची, सही तिची.

काल संध्याकाळी लार्चवर एक आली.
तांबडी. एकटीच.
हूक हुंगला, खालून, वरून,
मग खिडकीकडे मान वळवली,
जशी उशीर झालेल्या पंगतीत
आपलं पान कुठंय म्हणून कुणी बघावं.
काचेआड थोरा हलली नाही.
खिशात मूठभर हेझेल होते,
मूठ खिशातच राहिली.

खारीनं थोडा वेळ वाट पाहिली.
मग वर गेली, आणखी वर,
आणि कुठूनतरी एका पाइनफळाचे खवले
खाली पडू लागले, एकेक,
अंधार पडेपर्यंत.

यान, थोरा म्हणाली.
आणि थांबली.