द्विवचन

फेब्रुवारी. बुडिशिन गावात संगीतशाळेच्या वरची खोली.
हीटर दोनदा खोकतो, मग गप्प.
टेबलावर एकेचाळीस अर्ज,
सोर्बियन शिकायच्या शिष्यवृत्त्या तीन.
मानधन नाही. कॉफी आहे, ती लुबिना घरून आणते,
आणि सूचनांचं एक पान:
हेतू, पाचपैकी. तयारी, पाचपैकी.
भाषेला पुढे होणारा उपयोग, पाचपैकी.
अर्जदार ओळखीचा निघाल्यास कागद बाजूला ठेवावा.

बेनो तापाने पडलाय, म्हणून आम्ही दोघीच.
तिनं चाळीस वर्षं टपाल वाटलं,
मी औषधं.
वाईट अक्षर वाचता येतं दोघींना,
बहुधा याच गुणावर नेमलं असावं.

लाइपझिगची एक मुलगी: सहा भाषा येतात, सातवी आमची.
वाक्यं कडक इस्त्रीची. चार दिले,
मग वाटलं, इस्त्रीवर कसला राग? पाच केले.
टेक्सासहून एकजण: पणजोबा जहाजाने गेले,
पेटीत प्रार्थनेचं पुस्तक होतं, आता घरात कुणाला लागत नाही,
कसर तेवढी पानोपान वाचते आहे.
एक पोरगा लिहितो, मैत्रिणीची आजी जेवताना
माझ्याकडे बघून काहीतरी म्हणते,
काय ते कळलं पाहिजे.
लुबिना एवढी हसली की कॉफी सांडली.
डागासकट पाच दिले त्याला.

सत्ताविसावा हाताने लिहिलेला, जर्मनमध्ये.
आर्नो रीचेल, वय एकाहत्तर.
व्यवसाय: कोळशाच्या खाणीत
मोठ्या खोदयंत्राचा चालक, निवृत्त.
बायको व्हेर्बना गावची होती.

व्हेर्बना.
माझंही.
एकोणीस वर्षांची होते मी, देवळाची घंटा
ताडपत्रीत गुंडाळून ट्रकवर चढवली तेव्हा.
रात्री यंत्राचे दिवे परसातल्या नासपतीपर्यंत यायचे.
आता तिथे तळं आहे. शिडाच्या होड्या भाड्याने मिळतात.

मी कागद बाजूला ठेवला.
‘ओळखीचा?’ लुबिनाने विचारलं.
तोंड कधी पाहिलं नाही, म्हटलं. हात पाहिलाय,
लोखंडी, ऐंशी मीटर लांब.
तिने काही न बोलता कागद ओढला आणि मोठ्याने वाचू लागली,
पत्र चुकीच्या घरी पडलंय का
ते बघावं तसं.

हान्जा माझ्याशी ती भाषा कधी बोलली नाही, तो लिहितो.
मीही कधी विचारलं नाही.
शेवटच्या सहा आठवड्यांत तिची जर्मन गेली.
रोज संध्याकाळी माझी बाही धरून एकच गोष्ट विचारायची.
मी हो म्हणायचो. मग ती झोपायची.
मी कशाला हो म्हणालो, ते मला कळायला हवं.
ऐकू आलं तसं खाली लिहितो आहे.

खाली जर्मन अक्षरांत, वेडंवाकडं:
पुयजेमोय दोमोय.

लुबिना थांबली.
आमच्या भाषेत दोघांसाठी क्रियापद वेगळं असतं,
तीन माणसांना ते वापरता येत नाही,
एकट्याला तर नाहीच.
आपण दोघं जाऊ या का घरी?
एवढंच. रोज. त्यालाच.
आणि तो हो म्हणायचा.

मी खिडकीशी जाऊन आले. चौकात
कुणीतरी मीठ टाकून बर्फ वितळवत होतं.
‘उत्तर तर आपल्याला ठाऊक आहे,’ मी म्हटलं,
‘पोस्टकार्डावर मावेल. वर्ग कशाला?’
‘पोस्टकार्ड मी नाही टाकणार,’ ती म्हणाली.
‘चाळीस वर्षं टाकली. काही निरोप
माणसानं चालत जाऊन घ्यायचे असतात.’
आणि मग, चष्मा पुसत: ‘राग आहे?’
आहे.
‘मग तोही लिही. रकाना नाहीये त्याला, समासात लिही.’

निकाल बाहेर सांगायची परवानगी नाही.
चौदा अर्ज उरले होते, कॉफी संपली होती.
इतकंच सांगते,
उपयोगाच्या रकान्यात मी आधी शून्य लिहिलं होतं,
पेन्सिलीने,
आणि खोडरबर लुबिनाकडे होतं.